सही करण्याआधी खोली बघा

पत्र: माझी मुलगी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला आहे. शाळा पहिली ते पाचवी, पट ६४, तीन शिक्षक, तीन खोल्या. जूनच्या पालक सभेत मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. तेव्हापासून एकदाही बैठक झालेली नाही. महिन्याच्या शेवटी पाचवीची मुलं रजिस्टर घरी घेऊन येतात आणि मी सही करते. तिसऱ्या खोलीच्या छताचे तुकडे पडतात. सर म्हणतात, प्रस्ताव पाठवलाय. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही म्हणून कुलूप आहे. एक गुरुजी मुलांना उठाबशा काढायला लावतात, टोचून बोलतात. त्यापायी तिसरीतला एक मुलगा शाळेत यायलाच तयार नाही. मी बोलले तर माझ्या मुलीवर राग निघेल का? बैठकीला यजमान आले तरी चालेल, असं सर म्हणतात. मी नक्की काय करू शकते आणि काय नाही?

उत्तर:

ताई, तुम्ही बैठकीपासून सुरुवात केलीत. आम्ही खोलीपासून करतो, कारण ते काम उद्या सकाळी शाळा भरण्याआधीचं आहे.

छतातून पडलेला एखादा तुकडा उचलून हातात घ्या. त्यात नुसती वाळू आणि सिमेंट असेल तर तो गिलावा. पण त्यात खडी दिसत असेल आणि एका बाजूला गंजाचा तांबूस पट्टा असेल, तर तो स्लॅबचाच भाग आहे. म्हणजे आतल्या सळईपर्यंत पाणी पोचलंय. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ सळईपेक्षा जास्त जागा घेतं आणि खालच्या काँक्रीटला ढकलून पाडतं. हे आपोआप थांबत नाही. वरून गिलावा मारून रंग दिला की दोन-तीन महिने छत छान दिसतं, आत गंज चालूच राहतो आणि पुढच्या वेळी पडणारा तुकडा अधिक जड असतो. म्हणून कुणी उत्साहाने स्वातंत्र्यदिनाआधी "एक हात रंगाचा मारून घेऊ" म्हणालं, तर या खोलीपुरतं थांबवा. अभियंता येईपर्यंत खूण दिसत राहिली पाहिजे. पडलेले तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, चिठ्ठीवर तारीख लिहून कपाटात ठेवा. छताचे फोटो दारातूनच काढा, तुकडे पडतात त्या जागेखाली उभं राहून नको.

भिंतीला भेगा असतील तर प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख टाका. पंधरा दिवसांनी भेग रेघेच्या पुढे सरकलेली दिसली, तर ती वाढते आहे. गिलाव्यावर केसासारखी बारीक जाळी बहुतेक वेळा वरवरची असते. खिडकी-दरवाजाच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढलेली भेग मात्र पाया खचल्याची खूण असू शकते, आणि भिंत नि स्लॅब यांच्या सांध्यात आडवी भेग असेल तर तीही अभियंत्याला आवर्जून दाखवा. स्लॅबवर पाणी का मुरतंय हेही शिडीवरून डोकावून पाहता येतं (स्लॅबवर चढू नका): पावसाच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड पाल्यापाचोळ्याने बुजलेलं असतं आणि पावसाळाभर वर डबकं राहतं. इतर दोन खोल्यांच्या छतावर पावसाआधी एक माणूस आणि एक झाडू लागला, तर पुढची कितीतरी दुरुस्ती वाचते.

तुमच्या वर्णनावरून तिसरी खोली उद्याच बंद व्हायला हवी. खोली बंद करायला मुख्याध्यापकांना कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, पाडायला लागते. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि "वरून आदेश आला की बंद करू" म्हणत वर्ग तिथेच भरत राहतो. २५ जुलै २०२५ रोजी सकाळी राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात, पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचं छत मुलांवर कोसळलं आणि ७ मुलं गेली. त्या दिवशीही शाळा नेहमीसारखीच भरली होती.

बंद करणं म्हणजे नुसतं कुलूप घालणं नव्हे. बंद खोलीत पोषण आहाराचा तांदूळ, मोडके बाक आणि खेळाचं साहित्य ठेवायची पद्धत असते, आणि मग "जा रे, आतून चेंडू आण" म्हणून एक मूल पुन्हा त्याच छताखाली जातं. सामान बाहेर काढा, दाराबाहेरच्या व्हरांड्यालाही दोरी किंवा बांबू लावा, आणि मुलं त्या भिंतीच्या आडोशाला मधल्या सुट्टीत बसत असतील तर तीही जागा बदला. वर्ग तात्पुरता समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात बसवता येतो. जाताना तिथे पाणी आणि स्वच्छतागृह आहे का, आणि वाटेत रहदारीचा रस्ता ओलांडावा लागतो का, एवढं पाहा. ते जमलं नाही तर दोन सत्रांत शाळा भरवायची परवानगी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मागायची.

आता रजिस्टर. ताई, इतिवृत्तावरची तुमची सही म्हणजे "बैठक झाली, हे विषय निघाले, हे ठरलं" असा तुमचा लेखी दाखला आहे. न झालेल्या बैठकीचा दाखला तुम्ही दर महिन्याला देत आला आहात. त्यात "इमारत सुस्थितीत आहे" अशी एखादी ओळ असेल, तर उद्या दुर्घटना घडल्यावर तीच ओळ पुढे येईल. जुन्या पानांवर खाडाखोड करू नका, पान तर मुळीच फाडू नका. शाळेत जाऊन मागच्या वर्षभराची पानं वाचा. पुढच्या बैठकीत पहिलाच विषय घ्या: "जून महिन्यापासूनची इतिवृत्ते प्रत्यक्ष बैठक न होता लिहिली गेली आहेत, यापुढे बैठक झाल्याशिवाय इतिवृत्त लिहिले जाणार नाही व घरी सहीसाठी पाठवले जाणार नाही." हे लिहायला जीव कचरतो, पण ही एक नोंद तुम्हालाही वाचवते आणि सरांनाही.

तुमच्या हातात काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण ते माहीत असलं की बोलताना आवाज चढवावा लागत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार ही समिती आहे. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करून शिफारस करणं, आणि कुठूनही आलेल्या निधीच्या विनियोगावर लक्ष ठेवणं ही तिची कायद्याने दिलेली कामं. मुख्याध्यापक हे सदस्य सचिव, महिन्याला किमान एक बैठक, मुदत दोन वर्षं. (खासगी अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीची भूमिका फक्त सल्ल्यापुरती आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेला ते लागू नाही.) शिक्षकाची बदली करणं, पगार अडवणं, पालकांकडून सक्तीने वर्गणी गोळा करणं यातलं काही समितीच्या अधिकारात येत नाही. त्या वाटेला जाणाऱ्या समित्या वर्षभर भांडतात आणि छत तसंच राहतं.

ठराव कसा लिहिता यावर सगळं अवलंबून आहे. "खोलीबाबत पाठपुरावा करण्यात यावा" असा ठराव म्हणजे कुणीच काही करायचं नाही. कोण, काय, कधीपर्यंत हे त्यात हवं. असा लिहा:

"खोली क्रमांक ३ च्या स्लॅबमधून काँक्रीटचे तुकडे पडत असल्याने ही खोली आजपासून वर्ग, साठवण व इतर कोणत्याही वापरासाठी बंद करण्यात येत आहे. मुख्याध्यापकांनी दोन दिवसांत गटशिक्षणाधिकारी व पंचायत समितीचे बांधकाम उपअभियंता यांना तांत्रिक तपासणीसाठी लेखी कळवावे व पोच पुढील बैठकीत ठेवावी. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर."

सह्या शेवटच्या ओळीला लागून घ्या. ओळ आणि सही यांच्यात चार बोटं जागा राहिली की नंतर तिथे काहीही उगवतं.

"प्रस्ताव पाठवलाय" याला पुढचा प्रश्न एकच: जावक क्रमांक (बाहेर पाठवलेल्या पत्राला शाळेच्या नोंदवहीत मिळणारा क्रमांक) आणि तारीख काय? क्रमांक असेल तर स्थळप्रत, म्हणजे त्या पत्राची शाळेत ठेवलेली प्रत, बघायला मागा आणि तो क्रमांक घेऊन पंचायत समितीत जा. नसेल तर प्रस्ताव गेलेला नाही, किंवा केंद्रप्रमुखांच्या हाती नुसता तोंडी निरोप गेला आहे. हा प्रश्न चढ्या सुरात विचारू नका. बऱ्याचदा मुख्याध्यापकांनी दोन-तीनदा लिहिलेलं असतं, वरून उत्तर आलेलं नसतं, आणि समितीचा ठराव व गावाची साथ मिळाली तर त्यांनाच बळ येतं.

कागद पुढे कसा जातो तेही पाहा. अभियंत्याने खोली वापरायोग्य नसल्याचं लेखी दिलं की दोन फाटे फुटतात. दुरुस्ती होण्यासारखी असेल तर अंदाजपत्रक. नसेल तर निर्लेखन, म्हणजे ती खोली जिल्हा परिषदेच्या दप्तरातून कमी करून पाडण्याची मंजुरी. निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, फोटो, अभियंत्याचा अहवाल आणि बांधकामाचं वर्ष लागतं. हे शेवटचंच सापडत नाही म्हणून फायली परत येतात. जुन्या साठा नोंदवहीत, भिंतीवरच्या कोनशिलेवर किंवा ग्रामपंचायतीच्या जुन्या ठरावात ते मिळतं. आधीच शोधून ठेवा. जुनी खोली कागदावर उभी आहे तोवर नव्या खोलीची मागणी रेटणं फार अवघड जातं.

आणि एक जागा जिथे बहुतेक समित्या कधीच पाहत नाहीत: यू-डायस, म्हणजे देशभरातल्या शाळांची सरकारी माहिती-नोंद. शाळेची ही माहिती दरवर्षी भरली जाते आणि खोल्या, स्वच्छतागृह, पाणी यांचं वरचं नियोजन त्या आकड्यांवर चालतं. त्यात प्रत्येक खोली "चांगली", "किरकोळ दुरुस्ती" की "मोठी दुरुस्ती" अशी नोंदवायची असते. मागच्या वर्षीची माहिती जशीच्या तशी पुढे ढकलली तर तुमची तिसरी खोली तिथे अजून "चांगली"च असेल, आणि चांगल्या खोलीला कुणी पैसे देत नाही. स्वच्छतागृहाचंही तसंच: बांधलेलं आहे आणि वापरात आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरलेल्या माहितीची छापील प्रत बैठकीत ठेवायला सांगा आणि शाळेत फिरून एकेक रकाना ताडून पाहा. तासाभराचं काम आहे.

हाच आधार शाळा विकास आराखड्यालाही लागतो. आराखडा तीन वर्षांचा, त्यात वर्षवार पट, शिक्षक, खोल्या-सुविधा आणि लागणारा पैसा. आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तो तयार हवा. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला द्या, म्हणजे गावाच्या विकास आराखड्यात शाळेचं पाणी आणि स्वच्छतागृह घालता येतं. वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग पाणी व स्वच्छतेसाठीच बांधील असतो; तुमच्या कुलूपबंद दाराचा मार्ग बहुधा तिथूनच निघेल.

त्या दाराबद्दल. चौथी-पाचवीच्या मुलींच्या आयांना एकच विचारा: सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी कशी परत येते? बाटली भरलेलीच परत येत असेल, तर मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. त्यातून पोटात दुखणं, लघवीला जळजळ, मधल्या सुट्टीत घरी जाऊन परत न येणं. ६४ मुलांच्या शाळेला मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक असे चालू संच पुरतात. दर ४० मुलांमागे एक संच हा प्रचलित हिशेब आहे. टाकी बसेपर्यंत पाण्याचा ड्रम आणि तांब्या ठेवून उद्यापासून कुलूप काढता येतं. दाराची आतली कडी, कोपऱ्यात झाकणाची कचरापेटी आणि किल्ली कुणाकडे, हे तीन तपशील स्वतः बघा. किल्ली शिक्षकांच्या टेबलावर असेल तर लाजेपोटी मुली मागत नाहीत.

पिण्याच्या टाकीत १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर, आधी बादलीत कालवून, गाळ खाली बसल्यावर वरचं पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी, करून देतो. त्याला आठवड्यातून एकदा शाळेच्या नळावर करायला सांगा. पावडरची पिशवी उघडी राहिली की तिचा जोर जातो, त्यामुळे "टाकलं होतं" एवढ्यावर भागत नाही.

या सगळ्याला पैसा? समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५,००० रुपये असं ठरलेलं आहे आणि त्यातला किमान १० टक्के, म्हणजे २,५०० रुपये, स्वच्छतेवर खर्च व्हायला हवा. प्रत्यक्षात हप्ता किती आणि कधी आला ते कॅशबुकात दिसेल. स्लॅब यात होणार नाही. कडी, नळ, ड्रम, बल्ब आणि एक ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) होईल. तो मुख्य बोर्डावर बसवून घ्याच, पावसाळ्यात ओल्या भिंतीला हात लागून बसणारा शॉक तो तोडतो. बसवल्यावर त्याचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबून बघायचं. खर्चाच्या कागदावर सही करण्याआधी पावती, वस्तू आणि साठा नोंदवहीतली नोंद या तिन्ही गोष्टी एकत्र पाहा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने घेतलेल्या सह्यांतच चूक होते, म्हणून डिसेंबरलाच खर्चाची यादी करून टाका.

आता त्या तिसरीतल्या मुलाबद्दल. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. उठाबशा पहिल्यात येतात, टोचून बोलणं दुसऱ्यात. मुलाला बैठकीत बोलावून "सांग बाळा, काय झालं" असं कृपया करू नका. समोर गुरुजी बसलेले असताना आठ वर्षांचं मूल गप्प बसतं किंवा रडतं, आणि मग "तसं काही नव्हतं" असा निष्कर्ष निघतो. त्याच्या आईकडून तारीख, काय म्हटलं, कुणासमोर, एवढं लिहून घ्या. हजेरीपटातून त्या मुलाचे मागच्या दोन महिन्यांचे गैरहजर दिवस काढा; ते कुठल्या तासाच्या किंवा कुठल्या गुरुजींच्या दिवसांशी जुळतात ते आपोआप दिसेल. आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि गुरुजींशी त्यांनीच बोलावं. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि त्यापुढे अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. मुलगा परत येईल तेव्हा त्याची जागा वर्गात त्याच्या मित्राशेजारी असू द्या. हे कुठल्याही नियमात नाही, पण लागू पडतं.

लैंगिक त्रासाची नुसती शंका जरी कानावर आली, तर मात्र वरची एकही पायरी वापरायची नाही. पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार ती माहिती थेट पोलिसांना द्यावी लागते. न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवली तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. समितीने चौकशी करायची नाही, दोन्ही बाजूंना बसवायचं नाही, गावात मिटवायचं नाही. मुलाचं नाव इतिवृत्तात किंवा व्हॉट्सॲप गटात येता कामा नये. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, मोठ्या अक्षरात रंगवून घ्या.

तुमच्या मुलीची भीती खरी आहे, तिला आम्ही कमी लेखत नाही. त्यावर उपाय म्हणजे एकटीने न बोलणं. तक्रार "अध्यक्षांची" राहिली की ती तुमच्या घराशी जोडली जाते. ठराव समितीचा झाला, सूचक एक आणि अनुमोदक दुसरी, की ती कुणा एकाची राहत नाही. बैठकीआधी तीन-चार आयांना घेऊन खोली आणि स्वच्छतागृह बघून या. स्वतः पाहिलेल्या बाईला हात वर करायला सांगावं लागत नाही. आणि तुमच्या मुलीचा विषय तुम्ही स्वतः कधीच मांडू नका. तो मांडायची वेळ आली तर दुसऱ्या सदस्याने मांडावा.

यजमानांनी तुमच्या जागी बसून चालत नाही. सदस्य तुम्ही आहात, हजेरी तुमची लागते, सही तुमची. ते सोबत आले तर बाहेर थांबू देत. खरी अडचण बहुधा वेळेची असते: सकाळी अकराची बैठक म्हणजे मजुरीला जाणाऱ्या बाईचा अर्धा रोज बुडतो, मग ती येत नाही आणि रजिस्टर घरी येतं. पहिल्याच बैठकीत वेळ ठरवून टाका; शनिवारी शाळा सकाळची असते, सुटल्या सुटल्या तासभर बसलं तर सगळ्यांना जमतं. नोटीस निदान तीन दिवस आधी, विषय लिहून. त्यात पहिला विषय खोली क्रमांक ३. पण कुलूप त्या शनिवारची वाट न बघता उद्या लावा, ठराव मागून येईल.